वैश्लेषिक रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक: गुण कशाचे द्यावेत आणि जर्नलची मुदत किती कडक ठेवावी?

प्रश्न: सहायक प्राध्यापिका, बीड जिल्हा

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयात बी.एस्सी. तृतीय वर्षाला वैश्लेषिक रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेते. वीस-वीस विद्यार्थ्यांच्या दोन बॅच आहेत. प्रात्यक्षिक दोन श्रेयांकांचे आहे, म्हणजे सत्रभरात ६० तास मिळतात आणि त्यांत दहा-अकरा प्रयोग बसवावे लागतात. अंतर्गत गुण एकूण किती, हे वरून ठरून येते. परंतु एकेका प्रयोगाला गुण कशाचे द्यायचे आणि जर्नल उशिरा आले तर किती कापायचे, हे प्रत्यक्षात शिक्षकावरच येऊन पडते. गेली तीन वर्षे मी जी पद्धत वापरली ती चुकीची होती अशी या सत्रात माझी खात्री झाली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्रत्येक प्रयोगाला मी १० गुण ठेवले होते. उत्तर किती बरोबर आले याला ५, जर्नलला ३ आणि तोंडी प्रश्नांना २. जर्नल पुढच्या प्रात्यक्षिकाला आले नाही तर दर आठवड्याला २ गुण वजा. वर्गाला ही पद्धत सरळ वाटायची, मलाही वाटायची.

या सत्रात पाण्याच्या कठीणतेचा प्रयोग झाला. महाविद्यालयाच्या बोअरचे ५० मिलिलिटर पाणी घेऊन, त्यात पीएच १० चे अमोनिया बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) व एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा दर्शक घालून, वाइन रेड रंग जाऊन निळा येईपर्यंत ०.०१ मोलर ईडीटीए (पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे रसायन) सोडायचे, हा नेहमीचाच प्रयोग. सकाळी मी स्वतः हे अनुमापन करून पाहिले होते. रीडिंग २१.४ मिलिलिटर आले, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ४२८ मिलिग्रॅम. एका बॅचमधील एकोणीस जणांची उत्तरे ४२४ ते ४३२ च्या दरम्यान होती. एका मुलीचे उत्तर ४०२ होते. सहा टक्के चूक धरून मी तिला पाचपैकी १ गुण दिला. तिचे जर्नल तीन आठवडे उशिरा आले, त्याचे ६ गुण गेले, आणि जर्नल व तोंडीचे पूर्ण गुण मिळूनही तिच्या नावापुढे शून्य लागले.

सत्राच्या शेवटी जर्नलवर सह्या करताना तिची कच्ची वही हाती आली. त्या पानावर तीन रीडिंग होती: २१.४, २१.९ आणि २१.४. मधल्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी ‘एन्ड पॉइंट पुढे गेला’ (रंग बदलण्याचा क्षण ओलांडला) असे लिहिलेले होते. त्याच्या वर ईडीटीएचे प्रमाणीकरण, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता (मोलॅरिटी) तपासून घेणे, होते: झिंक सल्फेटच्या ०.०१ मोलर द्रावणाचे १० मिलिलिटर घेतले, ईडीटीए १०.६ मिलिलिटर लागले, म्हणून मोलॅरिटी ०.००९४. प्रयोगपुस्तिकेत प्रमाणीकरण हा पहिला भाग म्हणून छापलेलाच आहे. बाकी सर्वांनी बाटलीवरच्या चिठ्ठीवरून ०.०१ हा आकडा उतरवून घेतला होता, आणि मीही तेच केले होते. प्रयोगशाळेची नोंदवही काढून पाहिली तेव्हा कळले, की त्या दिवशी बाटलीत ईडीटीएची भुकटी ३.५० ग्रॅमच शिल्लक होती. एक लिटरला ३.७२ ग्रॅम लागते. आहे तेवढ्याचेच लिटरभर द्रावण झाले आणि चिठ्ठी मात्र जुनीच राहिली. म्हणजे त्या वर्गात बरोबर उत्तर एकटीचे होते, आणि शून्यही तिलाच मिळाले होते.

उशिराचे कारणही मी तेव्हाच विचारले, आधी विचारले नव्हते. दसऱ्यानंतर तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. घरी दोन लहान भाऊ आणि दोन जनावरे तिच्यावर असतात, आणि गावाहून येणारी एसटी सकाळची एकच आहे.

तिचे गुण मी दुरुस्त करणार आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. मात्र पुढच्या सत्रापासून गुण कशाचे द्यावेत, मुदत ठेवावी की नाही, आणि ज्या एकोणीस जणांना प्रमाणीकरण न करताच पूर्ण गुण मिळाले त्यांचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक, नांदेड

मॅडम, आपण हे उघडपणे लिहिले, याबद्दल आधी आभार. अशा घटना सगळीकडे घडतात. फरक एवढाच, की कच्ची वही कोणी उघडत नाही.

मुळातली अडचण मला अशी दिसते, की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच मुदत लावली होती. निरीक्षणाची नोंद ही एक गोष्ट आहे आणि सुवाच्य अक्षरात उतरवलेले जर्नल ही दुसरी. नोंदीची मुदत मिनिटांची असते. ब्युरेटमधील रीडिंग त्याच क्षणी, शाईने, पाने शिवलेल्या वहीत लिहिले गेले पाहिजे आणि विद्यार्थी प्रयोगशाळेबाहेर पडण्यापूर्वी त्या पानावर शिक्षकाची तारखेसह सही झाली पाहिजे. यात सवलत नको, कोणालाही नको, कारण संध्याकाळी आठवून लिहिलेले रीडिंग हे रीडिंगच नव्हे. जर्नलचे मात्र तसे नाही. सही झालेले निरीक्षण आठ दिवसांनी उतरवले काय आणि पंधरा दिवसांनी उतरवले काय, त्यातील रसायनशास्त्र बदलत नाही. मी अखेरची बारा वर्षे जर्नलच्या नीटनेटकेपणाला एकही गुण दिला नाही. सुरुवातीला सहकाऱ्यांना ते आवडले नाही, कारण वार्षिक तपासणीला सुंदर जर्नले दाखवता येत नसत. परंतु मुलांचा जो वेळ स्केचपेनने चौकटी आखण्यात जात होता, तो आकडेमोडीत जाऊ लागला.

उत्तराच्या गुणांबद्दल सांगायचे तर ते ठेवावेतच. हा विषयच मोजण्याचा आहे. उत्तराला काहीच किंमत नसेल तर हात तयार होत नाही. पण किती जवळ म्हणजे बरोबर, हे उपकरणावरून ठरवावे. आपल्याकडच्या ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर ०.१ च्या खुणा असतात, आणि साध्या दर्जाच्या ब्युरेटला ०.१ मिलिलिटरची चूक मान्य असते. २१ मिलिलिटरच्या रीडिंगवर ही चूक सुमारे अर्धा टक्का होते. तेव्हा एक टक्क्याच्या आतील उत्तराला पूर्ण गुण देणे न्यायाचे आहे, आणि ४२८ आले काय, ४३० आले काय, त्यावरून अर्धा गुण कापणे हा अन्याय आहे. हेच रीडिंग ५ मिलिलिटरच असेल तर तीच ०.१ ची चूक दोन टक्के होते. म्हणून नमुना देतानाच रीडिंग १५ ते २५ च्या दरम्यान येईल असा द्यावा. तो हिशेब शिक्षकाने करायचा असतो.

दुसरे असे, की सर्व वर्गाला एकच नमुना देऊ नये. एकच नमुना दिला की तासाभरात ‘एकवीस पॉइंट चार’ हे शब्द एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोहोचतात, आणि नंतरची सगळी रीडिंग त्याच्याशी जुळवली जातात. आपल्या एकोणीस जणांची उत्तरे ४२४ ते ४३२ मध्ये बसली, यातही मला थोडी शंका आहे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एखाद्याचा तरी एन्ड पॉइंट चुकतोच. कॅल्शियमच्या एका मूळ द्रावणातून पाच वेगवेगळ्या तीव्रतेचे नमुने करावेत आणि बाटल्यांवर फक्त क्रमांक टाकावेत. मूळ द्रावण आपण स्वतः वजन करून केलेले असल्याने खरे उत्तर अनुमापनावर अवलंबून राहत नाही. आपल्या घटनेत हाच धोका झाला: ज्या ईडीटीएची परीक्षा व्हायला हवी होती, त्याच ईडीटीएने आपण आदर्श उत्तर काढले.

मी दहापैकी गुण असे देत असे: जागेवरच्या नोंदीला ३, प्रमाणीकरण व आकडेमोडीला ३, उत्तराला २ आणि तोंडीला २. त्या एकोणीस जणांचे गुण आता कमी करू नका. चूक चिठ्ठीची होती आणि चिठ्ठी आपल्या प्रयोगशाळेची होती. त्यांना एक तास बोलावून त्याच बाटलीचे प्रमाणीकरण करायला लावा आणि आपापले उत्तर पुन्हा काढायला सांगा. तेवढे पुरे.

उत्तर २: गुणवत्ता नियंत्रण विभागातील विश्लेषक, वाळूज

मी वाळूज औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षे काम करतो आहे. माझे शिक्षण जालना जिल्ह्यातील महाविद्यालयात झाले आणि आमच्याकडेही मॅडमनी वर्णन केलेली पद्धतच होती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला जी सवय मोडावी लागली ती हीच: आधी सुट्या कागदावर लिहायचे आणि नंतर वहीत उतरवायचे. औषधनिर्मितीत सुट्या कागदावर लिहिलेले रीडिंग हा गंभीर दोष मानला जातो. नोंद कोणी केली ते कळले पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम चालू असतानाच झालेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. या पाच अटींना आमच्या क्षेत्रात ‘अल्कोआ’ म्हणतात आणि तपासणीला येणारे अधिकारी सर्वांत आधी हेच पाहतात. चूक झाली तर त्यावर एकच रेघ, आत काय लिहिले होते ते वाचता येईल अशी, शेजारी कारण, सही आणि तारीख. व्हाइटनर तर आमच्या प्रयोगशाळेत आणूही देत नाहीत.

त्या मुलीने २१.९ वर मारलेली रेघ वाचून मी थांबलो. हे तिला कोणी शिकवले नसेल तर तिने ते स्वतः ओळखले आहे. नव्याने रुजू होणाऱ्या पदवीधरांना हे समजावण्यात आमचे दोन-तीन महिने जातात.

आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर आम्ही तो लगेच चुकीचा ठरवत नाही. आधी चौकशी होते: द्रावण कोणी केले, वजनाची नोंद काय आहे, काचेचे सामान कोणते वापरले. कारण सापडल्याशिवाय तो आकडा रद्द करता येत नाही, आणि हवे ते उत्तर येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करत राहणे याला सक्त मनाई आहे. महाविद्यालयात एवढे शक्य नाही हे मला कळते. तरी वेगळे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देण्यापूर्वी त्याची वही दोन मिनिटे पाहावी, एवढे तर नक्की होऊ शकते.

मुदतीच्या बाबतीत मात्र मी सरांपेक्षा थोडा कडक आहे. आमच्याकडे नमुन्याचा अहवाल ठरलेल्या वेळेत द्यावाच लागतो, कारण माल गोदामात अडकून पडतो. जर्नलला मुदतच नसेल तर अकरा प्रयोगांची जर्नले शेवटच्या आठवड्यात एकदम येतील आणि ती एकाच जर्नलवरून उतरवलेली असतील, हे मी विद्यार्थी असताना स्वतः केले आहे. मुदत असावी, उशिराचा एखादा गुण जावा, पण ज्याने प्रयोग केला आहे त्याला शून्य मिळू नये.

उत्तर ३: प्रयोगशाळा सहायक, लातूर

मॅडमच्या प्रश्नात भुकटीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. द्रावण करणारा माणूस मुद्दाम चूक करत नाही. सकाळी दोन बॅचची तयारी, मागणीपत्र दिलेले असते आणि माल आलेला नसतो, अशा वेळी आहे त्यात भागवले जाते. उपाय सोपा आहे. बाटलीवर ‘०.०१ मोलर’ असे छापील चिकटवूच नये. ‘ईडीटीए, अंदाजे ०.०१’ असे लिहावे, खाली प्रत्यक्ष घेतलेले वजन आणि तारीख टाकावी. ‘अंदाजे’ हा शब्द वाचला की मुलांना प्रमाणीकरण करावेच लागते. आमच्याकडे चार वर्षांपासून असेच चालते.

मुदतीबाबत एक गोष्ट शिक्षकांच्या लक्षात राहत नाही. जो विद्यार्थी तीन आठवड्यांनी राहिलेला प्रयोग करायला येतो, त्याच्यासाठी द्रावण पुन्हा करावे लागते. पोटॅशियम परमँगनेट आणि सोडियम थायोसल्फेट ठेवून ठेवून बदलतात. बोअरच्या पाण्याचा नमुना उघडा राहिला तर बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि कठीणता तेवढी कमी दाखवते. शिवाय ऊर्ध्वपातित पाणी लागते, आणि ते करताना यंत्र थंड ठेवायला त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्यानंतर मी ते वाहून जाणारे पाणी टाकीत धरून ठेवतो. म्हणून माझी विनंती अशी, की राहिलेल्या प्रयोगांसाठी सत्रात दोन दिवस आधीच जाहीर करावेत आणि सर्वांना त्याच दिवशी बोलवावे. एकेकाने कधीही येऊ नये.

उत्तर ४: तृतीय वर्षाचा विद्यार्थी, परभणी जिल्हा

मॅडम, मी आपल्या महाविद्यालयाचा नाही, परंतु आमची परिस्थिती तशीच आहे. मीही एसटीने ये-जा करतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या बॅचमधले निम्मे विद्यार्थी गैरहजर असतात. विद्यार्थ्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, सर्व प्रयोगांना एकच मुदत ठेवू नये. अनुमापन एका दिवसात संपते. निकेलचा भारात्मक (वजन करून मोजण्याचा) प्रयोग संपत नाही. डायमिथिलग्लायॉक्झिमने गुलाबी-लाल अवक्षेप पडल्यावर तो गाळायचा, धुवायचा, ११० ते १२० अंश सेल्सिअसला सुकवायचा, डेसिकेटरमध्ये थंड करायचा, वजन करायचे आणि सलग दोन वजने जुळेपर्यंत हेच पुन्हा करायचे. आमच्याकडे ओव्हन एकच आहे. या सत्रात ओव्हन तापत असतानाच वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी आमची बॅच नव्हती. मुदत पाळायची म्हणून चौघांनी पहिलेच वजन अंतिम म्हणून लिहून टाकले. अवक्षेप ओला होता, त्यामुळे चौघांचेही निकेल जास्त आले. मुदत दोन आठवड्यांची असती तर कोणीही तसे केले नसते.

दुसरी गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण सांगतो. आम्ही रीडिंग जुळवतो ते आळसामुळे नव्हे. वेगळे उत्तर दिले तर गुण जातात आणि सारखे दिले तर मिळतात, हे पहिल्या वर्षातच कळते. ‘तुझे उत्तर वेगळे का आले, शोधून सांग’ असे म्हणून एखाद्या शिक्षकाने त्या शोधण्याला गुण दिले, तर जुळवण्याची गरजच राहणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी पुढच्या सत्रासाठी जे ठरवले आहे ते लिहिते; काही चुकत असेल तर जरूर सांगावे.

नोंदीचे ३ आणि प्रमाणीकरणासह आकडेमोडीचे ३ गुण, ही सरांची वाटणी मी घेते आहे. उत्तराला २ गुण राहतील, पण उत्तर तीन टक्क्यांहून जास्त चुकले आणि विद्यार्थ्याने त्याचे पटण्यासारखे कारण वहीत लिहून दाखवले, तर त्यातला १ गुण त्याला मिळेल. हे परभणीच्या विद्यार्थ्याने सुचवले ते मला फार महत्त्वाचे वाटले. कच्ची वही आणि जर्नल असे दोन प्रकार मी बंद करणार आहे: एकच शिवलेली वही, डाव्या पानावर जागेवरची नोंद, उजव्या पानावर नंतरची आकडेमोड. डाव्या पानावर त्याच दिवशी सही, उजव्या पानाला अनुमापनासाठी एक आठवडा आणि भारात्मक प्रयोगांसाठी दोन आठवडे. उशीर झाला तर एकूण १ गुण जाईल, आठवड्यागणिक नाही. शेतीची किंवा घरची अडचण आधी कळवली तर तोही जाणार नाही. राहिलेल्या प्रयोगांसाठी दोन दिवस सत्राच्या वेळापत्रकातच छापून घेणार आहे, म्हणजे प्रयोगशाळेतील मंडळींना तयारी एकदाच करावी लागेल.

काल त्या बॅचला बोलावून बाटलीवरची चिठ्ठी सर्वांसमोर काढली आणि काय झाले होते ते सांगितले. त्या मुलीला दहापैकी १० गुण दिले आहेत. तिने सर्वांना झिंक सल्फेटचे प्रमाणीकरण करून दाखवले. एकोणीस जणांनी आपापल्या वहीत आकडेमोड पुन्हा केली आणि उत्तरे ३९९ ते ४०६ मध्ये आली. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणता स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालू शकते, हे वर्गात आले तेव्हा आपल्या बोअरचे पाणी नेमके कुठे बसते यावर मुले अर्धा तास बोलत होती. आपापल्या गावच्या बोअरचे पाणी पुढच्या आठवड्यात आणायचे ठरले आहे.

उत्तर ५: निवृत्त प्राध्यापक, नांदेड

उत्तम. एकच सूचना राहिली. झिंक सल्फेटच्या स्फटिकांतील पाणी आपल्याकडच्या कोरड्या हवेत उडून जाते, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये. मग ठरलेल्या वजनात झिंक जास्त भरते, ईडीटीए जास्त लागते आणि ते आहे त्याहून सौम्य दिसते. म्हणजे १०.६ हे रीडिंग जुन्या झिंक सल्फेटमुळेही येऊ शकले असते. आपण नोंदवहीतील ३.५० ग्रॅमवरून पडताळले, आणि ३.५० ला ३७२ ने भागले तर ०.००९४ च येते, म्हणून या वेळी शंका उरत नाही. पुढच्या वेळी शुद्ध झिंकचे दाणे ०.६५४ ग्रॅम घेऊन थोड्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावेत आणि एक लिटर करावे. प्रत्येक अनुमापनाच्या वेळी बफर टाकण्यापूर्वी उरलेले आम्ल उदासीन करायला मात्र मुलांना सांगून ठेवा, नाहीतर पीएच १० पर्यंत पोहोचणार नाही आणि रंग लालच्या लालच राहील.